तोतरा, बोबडा आणि धूळपाटी

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, मधेच आवाज थांबला तर रेडिओला थापट्या मारू नका, मीच अडकलेलो असणार. माझं 'प' वर अडतं, शाळेत हजेरीला 'प्रेझेंट' म्हणेस्तोवर सर पुढच्या नंबरवर गेलेले असायचे. रेकॉर्डिंगवाल्यांना म्हटलं, कापाकापी नको, जसं येईल तसं जाऊ दे.

तर झालं असं, की आमच्या कॉलेजच्या सेकंड इयरच्या दहा-बारा पोरांनी यंदा प्रोजेक्ट म्हणून मराठी विकिपीडियावर बोलण्याच्या त्रासांबद्दलचे लेख सुधारायला घेतले. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, कुणीही लिहू शकतं, म्हणून पोरांना वाटलं सोप्पंय. एकाने कुठल्याशा वेबसाइटवरून अख्खा उतारा उचलून डकवला, दुसऱ्या दिवशी तो उडाला, कॉपीराइट! मग मी त्यांना धूळपाटी दाखवली, म्हणजे तिथे कच्चं लिहून बघायची जागा असते तिला धूळपाटी म्हणतात, हा शब्द ज्याने शोधला त्याला माझ्याकडून एक कटिंग.

एका मुलीने सिन्नरला आजीला फोन लावला, की आज्जी, तुमच्याकडे पोरगं अडखळत बोलायला लागलं की काय करायचे? आजी म्हणाली, वेखंड उगाळून जिभेला लावायचं, पोपटाने टोचलेला पेरू खायला द्यायचा, आणि हे घराण्यातच असतं गं, माझा मामाही तसाच होता. पोरीने सगळं 'गैरसमज' या मथळ्याखाली टाकलं आणि मोकळी झाली. मी म्हटलं थांब जरा. पेरूचं ठीक आहे, पण मामाचं? अडखळणं घराण्यात चालतं, त्यात जनुकांचा वाटा असतो, हे आता संशोधनातून पक्कं झालंय, उलट पोरगं घाबरलं म्हणून किंवा आईने ओरडलं म्हणून हे होतं असं शिकलेले लोकही बिनधास्त सांगतात आणि ते चूक आहे. म्हणजे आजी निम्म्या मार्कांनी पास!

आणि वेखंडाने गुण येतो असं लोकांना का वाटतं माहितीये? हे बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं आणि बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, मोठ्यांमध्ये शंभरात साधारण एकाला उरतं, त्यातही बाप्ये जास्त. मग जाणारच होतं ते गेलं, नाव वेखंडाचं झालं. पण म्हणून नुसतं वाट बघत बसायचं असंही नाही हां, त्रास लांबत चालला किंवा मूल बोलायचंच टाळायला लागलं तर सरळ स्पीच थेरपिस्टकडे न्या.

दुसरा एक पोरगा पंचवटीतला, त्याच्या काकांना पॅरालिसिसचा झटका आल्यापासून बोलता येत नाही. तो वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं-समजणं बिघडतं त्याच्या लेखात 'माझ्या काकांना' करून लिहायला बसला. ते चालत नाही तिथे, स्वतः पाहिलेलं हा पुरावा नाही, आणि आजाराबद्दलच्या लेखाला तर बातम्या, ब्लॉगही चालत नाहीत, पाठ्यपुस्तक दाखवा नाहीतर चांगल्या जर्नलमधला आढावा दाखवा. पोरगं फुगून बसलं दोन दिवस. मग शोधताना त्याला ब्रोका सापडला. पॅरिसचा डॉक्टर, १८६१ सालची गोष्ट, त्याच्या पेशंटला 'टॅन' एवढंच बोलता यायचं, पण समजायचं बरंचसं, आणि तो वारल्यावर मेंदूत डाव्या बाजूला पुढे इजा दिसली. पोरगा माझ्याकडे येऊन म्हणतो, सर, काकांनाही समजतं हो, आणि आम्ही घरी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडतो. मला काही बोलायला सुचलं नाही, आणि ते 'प' मुळे नव्हतं. सगळ्यांचं असं नसतं अर्थात, काहींचं बोलणं धडाधड चालू राहतं पण त्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं समजतही नाही, तो प्रकार १८७४ मध्ये वर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरने मांडला. हे दोन्ही प्रकार लेखात आले, काका नाही आले.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते नावावरून. मला लेखाच्या वर 'तोतरेपणा' नको होता. पाचवीपासून 'ए तोतऱ्या' ऐकलंय, पुरे झालं. तर तीच सिन्नरची पोरगी म्हणते, सर, पण आया मोबाइलवर तेच टाइप करणार ना, त्यांना लेख सापडायला नको का? मला राग आला, खरं सांगतो. मग ठरलं की वर 'अडखळत बोलणे', आणि कुणी 'तोतरेपणा' शोधलं तर तिथूनच या लेखावर यायचं.

'बोबडेपणा' मात्र यात घालू दिला नाही मी. आपण नाशिककर दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थी वापरतो, पण तोतरं बोलताना शब्द माहीत असून अडकतो, बोबड्या बोलण्यात अक्षर बदलतं, 'र' चा 'ल' होतो, लहान पोरांचा तर होतोच. तो लेख अजून धूळपाटीवर आहे. पोराने उदाहरण म्हणून रामकुंडाचं 'लामकुंड' लिहिलं होतं, परवा बघतो तर कुणीतरी त्याच्यापुढे 'संदर्भ हवा' लावून गेलंय.