टॅक्टाइल: एका शब्दाची भावकी

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, खिशात शंभराची नवी जांभळट नोट असेल तर काढा. डोळे मिटा आणि कडेवरून अंगठा हळूच फिरवा. चार तिरक्या रेघा लागतील. पाचशेवर अशाच पाच. दोनशेवर पुन्हा चारच, पण मध्ये दोन छोटे गोल. नोट मळलेली, चुरगळलेली असेल तर हाताला फारसं काही लागणार नाही, कारण वापरून वापरून उठाव झिजतो. अंध माणसाची अडचण होते ती तिथे. आणि पन्नास, वीस, दहाच्या नव्या नोटांवर हा उठाव मुळातच नसतो.

अशा खुणेला इंग्रजीत टॅक्टाइल म्हणतात, म्हणजे स्पर्शाने कळणारी. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापतात, तेव्हा इथे बसलेल्या काहींना ‘इंटॅग्लिओ’ मी समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. प्लेटवर कोरलेल्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि जबर दाबाखाली कागद त्यावर दाबायचा. कागद खाचेतली शाई उचलतो, रेघ वर उठून राहते.

शब्द लॅटिनमधला. ‘तांगेरे’ म्हणजे स्पर्श करणे, त्यावरून ‘ताक्तिलिस’. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला. याची भावकी मोठी आहे. काँटॅक्ट त्यातला, कंटेजियस त्यातला. टँजंट ही संज्ञा १५८३ साली टोमास फिंके या डॅनिश गणितज्ञाने आणली. आपण शाळेत स्पर्शिका म्हणतो ती हीच. पूर्णांकाला इंटिजर का म्हणतात? ज्याला कुणी हात लावला नाही, ज्याचा तुकडा पडला नाही, तो इंटिजर. ‘सुनेला टॅक्ट आहे हो’ म्हणतो तो टॅक्टही इथलाच, हा अर्थ फ्रेंचमार्गे आलेला. टॅक्टिक्स मात्र नुसता आडनावबंधू! तो ग्रीक, फौजेची मांडणी करण्यावरून आलेला. आणि गंमत म्हणजे खुद्द ‘टच’सुद्धा या घरातला नाही. ठोकण्याच्या, टकटक करण्याच्या आवाजावरून तो झाला असं मानतात.

वापरताना टँजिबलशी गल्लत करू नका. साहेब ‘टँजिबल रिझल्ट’ मागतात, म्हणजे ठोस काहीतरी दाखवा. टॅक्टाइल रिझल्ट कुणी मागत नाही. टॅक्टाइलचा संबंध थेट त्वचेशी.

फलाटावर, फुटपाथवर त्या पिवळ्या खडबडीत फरश्या असतात ना, त्यांना टॅक्टाइल टाइल्स म्हणतात. सेइइची मियाके या जपानी माणसाने त्या शोधल्या, १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल उंचवटे म्हणजे जपून, पुढे काहीतरी आहे. पांढऱ्या काठीला आणि तळपायाला हे बरोबर कळतं. आपल्याकडे काही ठिकाणी मात्र लांब पट्ट्यांची ओळ थेट विजेच्या खांबाला जाऊन भिडते, आणि खांबाच्या अलीकडे एकही गोल उंचवटा नसतो.