माग चालूच होते

नमस्कार श्रोतेहो.

"साखर किती?" हा प्रश्न आपल्या सोलापुरात आता "जेवलात का" इतक्या सहज विचारला जातो. उपाशीपोटी किती, जेवल्यावर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, सगळं लोकांना तोंडपाठ असतं. पण "पाय कोणी तपासले का?" असं विचारलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग स्वतःच्या पायांकडे. आज त्या पायांबद्दल बोलायचंय. खरं तर एका जॉबरमामांबद्दल, कारण पाय तपासायची सवय मला त्यांच्यामुळे लागली.

माझा दवाखाना पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत. मामा एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचा, ही त्यांची नोकरी. आता बाकीचे जॉबर आवाजावरून बिघाड ओळखतात. मामा पायांवरून ओळखायचे! चप्पल काढून दोन ओळींच्या मध्ये उभे राहायचे, डोळे मिटायचे, आणि फरशीतून येणाऱ्या थरथरीवरून सांगायचे, "भिंतीकडचा तिसरा. धोटा नीट बसंना झालाय." आणि तो तिसराच निघायचा. पोरं पैजा लावायची, चहाच्या.

(टॉवेल म्हटलं म्हणून सांगते. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी बाजारात सोलापुरी म्हणून काहीही खपवतात. तो राग मी पुन्हा कधीतरी काढीन.)

तर एकदा मामा नेहमीसारखे मधुमेहाच्या गोळ्या लिहून घ्यायला आले. चिठ्ठी खिशात घातली, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बाई, मालकानं फरशीखाली काय तर घातलंय बघा. माग थरथरतच नाहीत."

मी हसले. "विचारलं का मालकाला?"

"विचारलं की. म्हणाला, मामा, तुमचं वय झालं."

ते चप्पल शोधायला बाहेर पडणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, मामा, जरा आत या. टेबलाच्या खणात कॉलेजच्या दिवसांतला ट्यूनिंग फोर्क होता, दोन दांड्यांचा, सेकंदाला 128 वेळा थरथरणारा. हातावर आपटला आणि त्याचं बूड मामांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवलं, नखाच्या जरा मागे.

"काय वाटतंय?"

"गार लोखंड."

"थरथर?"

"कशाची?"

फोर्क माझ्या बोटांत गुणगुणत होता. घोट्यावर ठेवला. "लोखंड." नडगीवर ठेवला. मामा गप्प. मग गुडघ्याच्या वाटीवर ठेवला, तसे मामा दचकले आणि म्हणाले, "हां! चालू झाला!"

माग चालूच होते, श्रोतेहो. मामांच्या पायांपर्यंत पोचत नव्हते.

मग मी तळवे उलटे करून पाहिले. उजव्या टाचेला भोक होतं, मसुराएवढं. चपलेच्या तळातून एक बारीक खिळा वर आला होता आणि मामा तो घालून किती दिवस हिंडत होते, त्यांनाच माहीत नाही. दुखलंच नाही, तर बघणार कशाला? जखम भरायला सव्वा महिना गेला. थोडक्यात निभावलं.

आता माझी चूक सांगते. चार वर्षं मामा माझ्याकडे येत होते. साखर बघितली, रक्तदाब बघितला, वजन केलं. पाय एकदाही नाही. आणि गंमत बघा, आपल्याकडे पेशंट चपला दाराबाहेर काढूनच आत येतो. बूट-मोजे काढायचेही कष्ट नाहीत. उघडा पाय टेबलाखाली असतो आणि आम्ही टेबलावरचा कागद वाचत बसतो. मोफत शिबिरांतही तेच: मोठा बॅनर, बोटातून थेंबभर रक्त, फोटो, संपलं.

हे होतं कसं, ते थोडक्यात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यांत लांब नसा आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. काहींना रात्री आग होते, मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून कधी निसटली कळत नाही. पण कितीतरी जणांना काहीच जाणवत नाही. बधिर पाय तक्रार करत नाही, म्हणून तक्रारीची वाट बघायची नाही. मोठेपणी मधुमेह निघाला की त्याच वर्षी पाय तपासायचे आणि मग दरवर्षी. परत सांगते: निघाला त्याच वर्षी, आणि मग दरवर्षी. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांचे पाच वर्षांनंतर, दरवर्षी.

दवाखान्यात तपासणीला पाच मिनिटं पुरतात. फोर्क तुम्ही ऐकलात. दुसरा एक नायलॉनचा दोरा असतो, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा. तो तळव्याला टेकवायचा, घट्ट्यावर मात्र नाही. आणि बधिरपणा सापडला म्हणजे साखरच दोषी, असं धरून चालू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-12 कमी पडतं, ते बघायला हवं. दारू, थायरॉइड, आणि हो, कुष्ठरोगसुद्धा.

घरी करायची एक युक्ती इंग्लंडातल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी काढली. उपकरण लागत नाही, बोट लागतं. माणसाला डोळे मिटायला सांगा. अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची, म्हणजे सहा जागा. प्रत्येक टोकाला हलकं बोट टेकवा, एक-दोन सेकंद. दाबू नका, टोचू नका, गुदगुल्या करू नका. त्यानं नुसतं "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडे जा. लक्षात ठेवा: सहा जागा, दोन चुकल्या की डॉक्टर.

आणि ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी अनवाणी फिरू नये. गड्ड्याच्या यात्रेत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा अनवाणी करणारे माझ्यावर रागावतात. रागवा. सिद्धरामेश्वर समजून घेतील, पायाची जखम समजून घेत नाही. मऊ रबरी तळाची, एमसीआर म्हणतात ती चप्पल घ्या आणि घालण्याआधी उलटी करून झटका.

मामा अजून कारखान्यात जातात. आता मागाच्या सांगाड्याला तळहात लावतात आणि सांगतात, भिंतीकडचा तिसरा. दर रविवारी मामी त्यांच्या बोटांना हात लावून बघतात. मामा एक डोळा किलकिला करून लबाडी करायचे, म्हणून मामी आधी डोळ्यांवर टॉवेल बांधतात. टॉवेल मामांच्याच कारखान्यातला.

नमस्कार.