आठ पत्ते घेऊन जंगलात

मंडळी, शर्यतीचा खेळ आपल्या घरात नवा नाही. सारीपाटावर फासे पडायचे आणि सोंगट्या घराकडे पळायच्या. सापशिडीत तर दान पडलं की आपल्याला करायचं काही उरतच नाही. लहान मुलं त्यात रमतात, पण एक दिवस माझ्या भाचीने जिंकल्यावर विचारलं, "मामा, यात मी काय केलं?" तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी 'द क्वेस्ट फॉर एल डोराडो' घरी आणला. आज त्याच खेळाविषयी बोलतो.

खेळ 2017 मधला, राव्हेन्सबर्गर या जर्मन कंपनीचा. कर्ते राइनर क्निझिया. गणितात डॉक्टरेट, मग बँकेत नोकरी, आणि पुढे पूर्णवेळ खेळ रचणं. जर्मनीतल्या 'श्पील देस यारेस' या मानाच्या पुरस्काराच्या अंतिम तीन खेळांत हा त्या वर्षी होता, मिळाला मात्र तो 'किंगडोमिनो'ला. आणखी एक गोष्ट मला फार आवडते: 1979 साली हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो ससा आणि कासवाच्या शर्यतीच्या खेळाला, आणि त्यातही सोंगट्या फाशावर पळत नव्हत्या.

एल डोराडोमध्ये सोंगट्या चालतात पत्त्यांवर. षटकोनी घरांचा पट. हिरवं जंगल, निळं पाणी, पिवळी गावं. जंगलाला कोयता लागतो, पाण्याला वल्हं, गावाला नाणं. प्रत्येकाला सुरुवातीला सारखेच आठ पत्ते मिळतात: चार नाण्यांचे, तीन कोयत्यांचे, एक वल्ह्याचा. आपापला कॅट पिसायचा, चार पत्ते हातात घ्यायचे आणि निघायचं. एखाद्या घरात दोन कोयते लागत असतील, तर एकेका कोयत्याचे दोन पत्ते जोडून चालत नाही. दोन कोयत्यांचा एकच पत्ता लागतो. तो बाजारातून विकत घ्यायचा, एका पाळीत एकच. नाण्याच्या पत्त्याची पूर्ण किंमत धरतात, बाकी प्रत्येक पत्त्याची अर्धं नाणं. म्हणजे जो पत्ता चालायला वापरला, तो खरेदीला उरत नाही. आत्ता पुढे जाऊ, की थांबून उद्याची सोय करू, हा विचार प्रत्येक पाळीला करावाच लागतो.

आता जरा हिशेब करू, कारण या खेळाचा जीव त्यात आहे. आठ पत्ते, हातात चार. म्हणजे दोन पाळ्यांत सगळा कॅट हातातून जातो, मग तोच पुन्हा पिसायचा, आणि ते एकुलतं वल्हं दर दोन पाळ्यांत एकदा येतं. आता तुम्ही हौसेने चार झकास पत्ते विकत घेतलेत. झाले बारा. तेच वल्हं आता तीन पाळ्यांत एकदा येणार! घेतलेला प्रत्येक पत्ता जुन्या पत्त्यांची वाट लांबवतो. नको असलेला पत्ता टाकून हवा तो हातात धरून ठेवता येतो, पण धरलेल्या पत्त्याची जागा अडते आणि नवे कमी येतात.

म्हणून पटावरची लाल घरं, म्हणजे मुक्कामाचे तळ, बघायला शिका. तिथे शिरायला ठरलेले पत्ते द्यावे लागतात आणि ते डावातून कायमचे बाद होतात. पहिल्यांदा खेळणारा त्या घरांना वळसा घालतो. आपले पत्ते कोण घालवणार? दोन-चार डाव झाले की तोच माणूस वाट वाकडी करून तळ गाठतो. दहा वर्षांच्या मुलाला हे उमगतं तो क्षण मी पाहिला आहे. चेहरा उजळतो.

कॅट बांधत जाण्याची ही पद्धत 2008 च्या 'डोमिनियन'ने रूढ केली. तिथे सावकाश, देखणा कॅट रचत बसता येतं. इथे शेजारचा पळत असतो. शिवाय एका घरात दोन सोंगट्या मावत नाहीत, त्यामुळे अरुंद खिंडीत पुढचा उभा राहिला की मागच्याचा सुंदर कॅटही खोळंबतो. दोन ते चार जण, अर्धा ते एक तास. जेवणाआधी एक डाव सहज होतो.

नावाबद्दल एवढंच सांगतो, की एल डोराडो मुळात गाव नव्हतंच. तो माणूस होता. कोलंबियातल्या मुइस्का लोकांचा राजा अंगाला सोन्याची धूळ माखून ग्वाताविता सरोवरात उतरे, अशी कथा आहे. स्पॅनिशमध्ये त्या शब्दाचा अर्थच 'सोन्याने मढलेला'. सोन्याचं शहर स्पॅनिश शोधकांच्या हव्यासातून पुढे उभं राहिलं. पेटी उघडताना मुलांना हे जरूर सांगा.

परवाच्या डावात शेवटच्या वाटेवर नदी होती. मी मोठ्या हौसेने घेतलेला पाच कोयत्यांचा पत्ता हातात, आणि वल्हं नुकतंच टाकलेल्या पत्त्यांत गेलेलं. भाची दोन पाळ्यांत पार झाली. मग तिने माझा कॅट मागून घेतला, एकेक पत्ता मांडून पाहिला आणि विचारलं, "मामा, हे पहिले चार पिवळे अजून कशाला ठेवलेस?"

मी पट पुन्हा मांडायला घेतला.