मिनिटाला दोन मायक्रोग्रॅम

[दृश्य : कोल्हापूर. रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, मॉनिटरचा आवाज.]

निवेदन :
राधानगरीकडचे हे आजोबा. वैरण कापताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि बांधावरच कोसळले. लेकानं गाडीत घालून कोल्हापूर गाठलं. आता मॉनिटरवर आकडा दिसतोय तो ३४. मिनिटाला फक्त ३४ ठोके.

हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खाली पोचतच नाहीये. डॉक्टर याला 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' म्हणतात. बाहेर बाकड्यावर बसलेला लेक विचारतो, "अँजिओप्लास्टी कधी करायची, डॉक्टर?" ही गल्लत नेहमीची. रक्तवाहिनी तुंबणं वेगळं आणि हा वायरिंगचा बिघाड वेगळा. यावर खरा इलाज पेसमेकर.

ठोके वाढवणारं ॲट्रोपिन देऊन झालं, ठोके वाढले नाहीत. हृदयाला बाहेरून विजेचा संदेश देणारी तात्पुरत्या पेसिंगची तार घालायची तयारी चालू आहे. तेवढा वेळ निभावून न्यायला सिस्टरनी सिरिंज पंपावर औषध लावलंय : आयसोप्रेनालाईन.

[दृश्य : पंपाचा पडदा, अगदी जवळून.]

सुरुवात साधारण मिनिटाला २ मायक्रोग्रॅमनं. ठोके बघत बघत १० पर्यंत नेता येतं. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, त्यामुळं इथं दशांश चिन्ह चुकलं तर माफी नाही. म्हणून तर एक सिस्टर हिशेब मांडते आणि दुसरी तो पुन्हा तपासते. औषधाची काचेची कुपी, म्हणजे अँप्यूल, उजेडापासून जपायची. आतलं पाणी गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर सरळ टाकून द्यायची. एक सोय मात्र आहे : पंप थांबवला की काही मिनिटांतच औषधाचा जोर ओसरतो.

हे औषध शरीरातल्या 'बीटा' ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांना, चेतवतं. या ग्राहींची अल्फा आणि बीटा ही विभागणी अमेरिकेतल्या रेमंड अहलक्विस्ट यांनी १९४८ साली मांडली, आणि त्यांच्या प्रयोगांत बीटावर सगळ्यात जोरकस ठरलं ते हेच. हृदयातले बीटा जागे झाले की ठोके वाढतात, श्वासनलिकांतले जागे झाले की नळ्या सैल पडतात. रक्तवाहिन्याही सैलावतात, म्हणून रक्तदाब उतरू शकतो. शिवाय पळणाऱ्या हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याच्या छातीत दुखायला लागतं, कधी ठोक्यांची लयच बिघडते. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध जास्त झाल्यामुळं ठोके मंदावले असतील, तर हे औषध द्यायचंच नाही. ॲड्रेनालाईनसोबत एकाच वेळी तर नाहीच नाही.

[दृश्य : जुन्या इनहेलरचं रेखाचित्र.]

आज कडक पहाऱ्यात दिलं जाणारं हे औषध एके काळी लोकांच्या खिशात होतं, हे मात्र नव्या डॉक्टरांनाही फारसं ठाऊक नसतं. १९५६ साली अमेरिकेत दाबाखाली औषध भरलेला पहिला इनहेलर आला, त्यात आयसोप्रेनालाईनही होतं. दमेकऱ्यांना हायसं वाटलं. पुढं ब्रिटनमध्ये एका फवाऱ्यात पाचपट औषध असलेला 'फोर्ट' इनहेलर निघाला. १९६० च्या दशकात तिथं दम्याच्या मृत्यूंचा आलेख एकदम चढला, तरुणांमध्ये तर फारच. जिथं तो जोरकस फवारा विकलाच गेला नाही त्या अमेरिकेत अशी लाट आली नाही. १९६८ मध्ये ब्रिटननं हे इनहेलर चिठ्ठीशिवाय विकणं बंद केलं.

दोष औषधाच्या विषारीपणाचा, की फवाऱ्यावर विसंबून दवाखाना गाठायला केलेल्या उशिराचा? वाद अजून पुरता मिटलेला नाही. माझ्या मते दोन्ही असावेत.

[दृश्य : शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीची पाळी सुटते.]

१९६९ मध्ये सल्बुटामॉल बाजारात आलं. हृदयाला कमी छेडणारं, श्वासनलिकांवर जास्त काम करणारं. फाउंड्रीतून सुटणाऱ्या एखाद्याच्या खिशात आज त्याचाच इनहेलर, म्हणजे 'पंप', असतो. हात थरथरतात, धडधडतं, पण जीव मोकळा होतो. श्वासनलिकांच्या आतली सूज मात्र तशीच राहते. म्हणूनच दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून सांगितलंय, की नुसत्या या पंपावर दमा सांभाळू नका, सोबत सूज उतरवणारं स्टिरॉइडचं इनहेलर हवंच. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक लागत असेल, तर जिवाचाच धोका. असा माणूस मेडिकलच्या काउंटरवर नवा पंप मागायला आला, की त्याला आधी डॉक्टरकडं धाडायला हवं.