आत यायचं दार, बाहेर पडायचं दार

मित्रहो, इकोव्हिलेज म्हणजे निसर्गाला धरून एकत्र राहण्यासाठी माणसांनी ठरवून वसवलेली वस्ती. त्यावर बोला म्हटलं की ऐकणाऱ्यांना मातीची घरं, सौर ऊर्जा आणि कंपोस्ट संडास यांची अपेक्षा असते. ते येईल बोलण्यात, पण ओघाने. माझा विषय त्याहून रुक्ष आहे. तुम्ही अशा एखाद्या वस्तीत पाहुणे म्हणून जाता, झाडं बघता, पंगतीत जेवता, आणि चार-पाच दिवसांनी मनात येतं की परत कशाला जायचं, इथंच राहूया. तिथून पुढे काय होतं, ते मला सांगायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आत घेण्याचे नियम सगळेच वाचतात, तुम्ही बाहेर पडण्याचे वाचा. पैसा, घर, काम आणि निर्णय यांबद्दल ती वस्ती खरोखर काय मानते, ते तिथं लिहिलेलं असतं.

'इकोव्हिलेज' हे नाव रुळलं ते १९९० नंतर. डेन्मार्कच्या गाया ट्रस्टसाठी रॉबर्ट आणि डायान गिलमन यांनी १९९१ मध्ये एक अहवाल लिहिला आणि १९९५ मध्ये स्कॉटलंडमधल्या फिंडहॉर्नला परिषद भरली. तिच्यातून अशा वस्त्यांचं जागतिक जाळं उभं राहिलं. वस्त्या मात्र त्याआधीच्या. फिंडहॉर्न १९६२ चं, अमेरिकेतलं ट्विन ओक्स १९६७ चं, आपलं ऑरोव्हिल १९६८ चं. इथं हमखास कुणीतरी म्हणतं, "यात नवं काय, आपल्याकडे सेवाग्राम होतं, आनंदवन होतं." मला हे समाधान जरा स्वस्तातलं वाटतं. सेवाग्रामला एका माणसाच्या व्रताभोवती माणसं जमली. आनंदवनात आली ती समाजानं हाकललेली माणसं, जीवनशैली निवडायला कुणी आलं नव्हतं. चांगली नोकरी, चालू भाड्याचं घर आणि परतीचं तिकीट हाताशी असलेला माणूस जेव्हा अशा वस्तीचं दार वाजवतो, तेव्हा प्रश्न वेगळे असतात.

ऑरोव्हिलपासून सुरुवात करू, कारण आपल्यातले बहुतेक जण तिथंच जातात. पुदुच्चेरीजवळ, तमिळनाडूच्या हद्दीत, लाल जांभ्या मातीच्या उजाड पठारावर २८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांच्या प्रतिनिधींनी आपापल्या देशाची मूठभर माती एका कलशात घातली. श्रीअरविंदांच्या सहकारी श्रीमाताजी, म्हणजे मीरा अल्फासा, यांची ही कल्पना. आराखडा रोजे आंजे या फ्रेंच वास्तुरचनाकाराचा, आकाशगंगेसारखा गोल फिरणारा, ५० हजार लोकांसाठी. आज तिथं साधारण ३,३०० माणसं राहतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या भांडणाचं मूळ त्यात आहे.

पहिल्यांदा आलेल्यांना शहर बांधायचं होतं, पण आधी सावली हवी होती. ईशान्य मोसमी पाऊस कोसळला की माती घळींमधून थेट समुद्रात जायची. मग बांध घातले, घळी अडवल्या, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती भराभर वाढते आणि वारा अडवते. तिच्या आडोशाला तिथली मूळची शुष्क सदाहरित जंगलातली झाडं हळूहळू जगवली. वीस लाखांहून जास्त झाडं लावली गेली असं सांगतात. आज तुम्ही मोपेडवरून ज्या गारव्यातून जाता, तो निसर्गाने दिलेला नाही, फावड्याने काढलेला आहे.

बहुसंख्य लोक ऑरोव्हिल बघतात म्हणजे काय करतात? अभ्यागत केंद्रात चित्रफीत, मग चालत जाऊन लांबून मातृमंदिर या ध्यानाच्या जागेचा सोनेरी गोल, एक फोटो, कॉफी, अगरबत्तीचं पाकीट आणि संध्याकाळी पुदुच्चेरीच्या समुद्रावर. यात वाईट काही नाही, पण त्यातून तिथल्या राहण्याबद्दल काहीही कळत नाही. कळायचं असेल तर कामाला जा. साधना फॉरेस्ट नावाची जागा आहे. अविराम आणि योरित रोझिन या इस्रायली जोडप्याने २००३ मध्ये ती सुरू केली. पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत खड्डे, बांध, आच्छादन, मग स्वयंपाक, भांडी. जेवणात दूध-तुपाचाही थेंब नाही. आपल्या लोकांचा पहिला हिरमोड चहापाशी होतो, हे मी पाहिलेलं आहे. ज्याला चार दिवस दुधाच्या चहावाचून काढता आले नाहीत, त्याने निदान पुढचा बेत सावकाश करावा.

आणि जायचंच तर मे महिन्यात जा. डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते, कार्यक्रम असतात, युरोपातले पाहुणे असतात, सगळे हसतमुख असतात. मे महिन्यात ज्यांना जमतं ते बाहेर जातात, आणि जे मागे राहतात त्यांच्यावर वस्ती चालते. पाण्याचा पंप कोण दुरुस्त करतं, बैठकीला किती जण येतात, स्वयंपाकघर कोण सांभाळतं, हे तेव्हा दिसतं.

सामील व्हायचं तर तिथं 'न्यूकमर' म्हणून परीक्षेचा काळ काढावा लागतो. त्याचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत राहिले आहेत, म्हणून तपशील मी सांगत नाही, जाल तेव्हा तिथल्या कार्यालयात विचारा. गाभा मात्र तोच आहे: पूर्णवेळ काम करायचं, आणि त्या काळात स्वतःचा खर्च स्वतः सोसायचा. पुढे कामाच्या बदल्यात 'मेंटेनन्स', म्हणजे निर्वाहभत्ता मिळतो, पगार नव्हे. त्यात काटकसरीने भागतं, मुंबईतल्या घराचा हप्ता त्यातून फिटत नाही.

आता घर. इथं आपला मध्यमवर्गीय माणूस अडखळतो. ऑरोव्हिलची सनद सांगते की ऑरोव्हिल कुणा एकाच्या मालकीचं नाही, ते सगळ्या मानवजातीचं आहे. वाचताना ऊर भरून येतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की तुम्ही तिथं घर बांधायला स्वतःचे पैसे घातलेत तरी ते घर तुमचं नाही. विकता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही, सोडून गेलात तर घातलेले पैसे हक्काने मागता येत नाहीत. मला हे चुकीचं वाटत नाही. खासगी मालकी नको असं ठरवलं की तिथंच येणार. पण पुण्यातला फ्लॅट विकून जाणाऱ्याने हे सही करण्याआधी वाचलेलं असावं. त्याच सनदेत पुढे दिव्य चेतनेचा सेवक होण्याची तयारी मागितली आहे, तेही. अरविंदांना बडोद्यात ध्यानाला बसवणारे विष्णू भास्कर लेले मराठी, म्हणून आपल्याला तिकडची ओढ जुनी आहे. पण तुम्ही पक्के नास्तिक असाल, तर ते वाक्य डोळ्यांआड करून जाऊ नका.

मालकी कुणाचीच नाही म्हटलं, तरी सातबारा कोरा राहत नाही. १९७३ मध्ये माताजी गेल्या. जमीन आणि कारभार श्रीअरविंद सोसायटीकडे होता. तिचं आणि रहिवाशांचं बिनसलं. सरकारने १९८० मध्ये कायदा करून कारभार हाती घेतला, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि १९८८ च्या ऑरोव्हिल फाउंडेशन कायद्याने आजची रचना आली: केंद्र सरकारने नेमलेलं नियामक मंडळ, आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळ आणि रहिवाशांची सभा. बरीच वर्षं हे तिघं एकमेकांना सांभाळून होते. डिसेंबर २०२१ मध्ये मूळ आराखड्यातल्या 'क्राउन' या वर्तुळाकार रस्त्यासाठी बुलडोझर आले आणि झाडं पडली. एक बाजू म्हणाली, ५० हजारांचं शहर ठरलं होतं, तुम्ही तीन हजारांवर अडून बसलात. दुसरी म्हणाली, आराखडा काढला तेव्हा इथं जंगल नव्हतं, आता आहे, रस्ता थोडा वळवा. हरित लवादाने एप्रिल २०२२ मध्ये कामावर बंधनं घातली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला.

मी इथं निकाल द्यायला उभा नाही, पण एक गोष्ट सांगतो. ज्यांनी पन्नास वर्षं ती झाडं जगवली, त्यांतल्या अनेकांना तेव्हा प्रथम कळलं की कायद्याच्या लेखी आपला शब्द किती पोचतो. परदेशी रहिवाशांचा व्हिसासुद्धा फाउंडेशनच्या शिफारशीवर असतो. बाहेर पडायचं दार नेहमी आपल्याच हाताने उघडतं असं नाही.

ट्विन ओक्सचा मामला याच्या उलट टोकाचा आहे. व्हर्जिनियातल्या लुइझा काउंटीत शंभरेक माणसांची वस्ती. उत्पन्न सगळ्यांचं एकत्र. दोरीचे टांगते झोपाळे (हॅमॉक) विणले, टोफू (सोयाबीनचं पनीर) केला, इतरांच्या पुस्तकांच्या सूची करून दिल्या, त्यावर ती चालत आली. तिथली भेट तीन आठवड्यांची असते आणि पाहुण्यालाही आठवड्याचा कोटा असतो, साधारण ४२ तास. यात मला आवडतं ते हे, की स्वयंपाक, मुलं सांभाळणं, कपडे धुणं यांचा तास आणि टोफूच्या कारखान्यातला तास सारखाच मोजला जातो. आपल्या घराघरांतल्या बायकांचे तास असे मोजले, तर ४२ वर बुधवारीच काटा जाईल. (हशा.) कपड्यांची एक सामायिक खोली आहे, हवे ते घ्या, धुऊन परत ठेवा. गाड्याही सामायिक.

तीन आठवडे झाले की पाहुण्याला परत पाठवतात. हा शहाणपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही घरी जाता, तिकडे सदस्य आपापलं मत देतात, मग होकार, नकार किंवा 'पुन्हा एकदा या'. म्हणजे कांदेपोहे दोन्हीकडून. होकारानंतरही सहा महिने कच्चं सदस्यत्व. तुमची जुनी पुंजी ते घेत नाहीत, ती तशीच बाजूला राहते, फक्त सदस्य असेपर्यंत तिच्यावरचं उत्पन्न वस्तीचं. अन्न, घर, औषधपाणी वस्तीकडून, वर थोडा हातखर्च. आणि निघताना? जुनी पुंजी तुमची तुम्हाला. मधल्या वीस वर्षांच्या कामाचा साठलेला पैसा मात्र शून्य. पन्नाशीत बाहेर पडणाऱ्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. हे त्यांनी लपवलेलं नाही. पण पंचविशीत सही करणाऱ्याला पन्नाशी दिसत नसते.

जर्मनीतलं झीबेन लिंडेन या दोघांच्या मधलं. १९९७ पासून, पोपाऊ गावाच्या कडेला, मुलंबाळं धरून दीडशेच्या आसपास माणसं, पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी भिंती भरलेली घरं. जमीन सहकारी संस्थेची. तुम्ही संस्थेचे भाग (शेअर) विकत घेता, वर्षभर उमेदवारी करता, मग इतर सभासद ठरवतात. निघालात तर नोटीस देऊन, मुदतीनंतर भागांचे पैसे परत. सहकाराच्या मुलखातल्या आपल्याला हे चटकन समजतं. सगळ्यांत कमी रोमांचक आणि माझ्या मते सगळ्यांत निरोगी व्यवस्था हीच.

आता बैठका. झाडं बघून लोक येतात, बैठकांना कंटाळून जातात. नळ कुठे बसवायचा यावर तीन संध्याकाळी जाऊ शकतात. काही ठिकाणी सर्वसहमती लागते, ट्विन ओक्समध्ये तीन 'प्लॅनर' अठरा महिन्यांसाठी नेमतात आणि ते निर्णय घेतात. सर्वसहमती ही परदेशी चैन आहे असं वाटत असेल तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या त्या गोंड गावाने ग्रामसभेत एकमताने निर्णय घ्यायची रीत पाडली आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. सभेआधी अभ्यासगट बसायचे, विषय उकलायचे, घाई नसायची. फरक इतकाच, की मेंढा-लेखातली माणसं एकमेकांना जन्मापासून ओळखतात. शहरातून आलेल्या अनोळखी माणसांना तीच गोष्ट पायापासून शिकावी लागते. म्हणून पाहुणे असताना एका तरी बैठकीत कोपऱ्यात बसायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर तेही उत्तरच.

आणखी एक, शेजारी. ऑरोव्हिलभोवती कुइलापालयम, इडयनचावडी अशी तमिळ गावं आहेत. तिथून हजारो माणसं रोज कामाला आत येतात. तिथल्या चहाच्या टपरीवर बसून वस्तीबद्दल विचारा. रोजगार मिळाला हे ऐकाल, जमिनीचे भाव चढले हेही ऐकाल. माहितीपत्रकात हे दुसरं नसतं.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: म्हातारपणी काय? ताई, हा प्रश्न ज्यांनी वस्त्या वसवल्या त्यांनी तरुणपणी विचारला नव्हता, कारण ते सगळे तिशीच्या आतबाहेर होते. आता तीच माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. वस्तीत माणसांची सोबत असते, फ्लॅटमध्ये एकट्याने पडून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण शुश्रूषेला तरुण हात लागतात, ते नव्या सदस्यांतून यायचे असतात, आणि घरांची टंचाई असली की नवे सदस्य येत नाहीत. संस्थाही म्हाताऱ्या होतात. फिंडहॉर्नमध्ये २०२१ मध्ये आगीत सामुदायिक केंद्र जळलं, आणि २०२३ मध्ये फिंडहॉर्न फाउंडेशनने पैशाअभावी आपले शिक्षणवर्ग थांबवले. जगभरचे लोक पाहुणे म्हणून ज्या आठवड्याच्या वर्गाला जायचे, तोही त्यात गेला. वस्ती आहे, घरं आहेत, माणसं आहेत. तेव्हा कुठल्याही वस्तीत गेलात की सगळ्यांत वयस्क माणूस कोण ते विचारा, त्याच्याकडे जा, आणि आजारपणात त्याचं जेवण कोण आणतं आणि दवाखान्याचं बिल कोण भरतं, हे त्यालाच विचारा.