गालाच्या आतलं अस्तर

मूत्रमार्ग आक्रसला की लघवीची धार बारीक होत जाते आणि एक दिवस अडते. दुरुस्तीसाठी सर्जन गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे बसवतात. ते चिवट असतं, ओलं राहायला सरावलेलं असतं. मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून हे अस्तर बसवायची पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांची पद्धत आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पण मार्ग लांबवर आक्रसला असेल, तर दोन्ही गाल लागतात. आणि गुटखा खाणाऱ्याचे गाल? राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सुपारी चघळणं काही थांबलेलं नाही. सुपारीमुळे अस्तराखाली कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांचं प्रथिन, साचतं, गाल पांढुरके आणि ताठ होतात. तीन बोटं उभी करून तोंडात घाला, असं डॉक्टर सांगतात. कित्येकांची दोनही जात नाहीत. अशा गालातून अस्तर काढायचं तरी कसं?

म्हणून ते प्रयोगशाळेत वाढवायची धडपड. तोंडातला इवलासा तुकडा घेऊन पेशी वाढवण्याची विद्या आता जुनी झाली. घोडं अडतं ते त्या पेशी ज्यावर रुजवायच्या, त्या सांगाड्यापाशी, म्हणजे स्कॅफोल्डपाशी.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डॉक्टरांनी असं अस्तर पाच रुग्णांना बसवलं. २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. दोघांचं अस्तर आवळलं, घट्ट झालं; एकाचं पूर्ण, दुसऱ्याचं काही भाग काढावं लागलं. आक्रसलेल्या मार्गावरचा इलाजच आक्रसला! आमच्या मते या संशोधनातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

कारण फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजनचे धागे विणणाऱ्या पेशी, सांगाड्याचे धागे धरून ओढतात. जखम मिटायला ती ओढ लागते, इथे मात्र नडते. सांगाड्यातले कोलॅजनचे धागे ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने एकमेकांना जखडले, तर ओढ सोसतात. पण त्याचा अंश मागे राहिला तर पेशी मरतात. शिवाय फार जखडलेला सांगाडा शरीराला वेळेत विरघळवता येत नाही.

छिद्रांचं गणित आणखी नाजूक. कोलॅजनचं द्रावण गोठवायचं, मग निर्वात पात्रात बर्फाची थेट वाफ होऊ द्यायची. बर्फाच्या स्फटिकांच्या जागी छिद्रं उरतात. सावकाश गोठवलं तर मोठी, झटकन गोठवलं तर बारीक. खालच्या अंगाला फायब्रोब्लास्ट आत शिरतील एवढी, साधारण शंभरेक मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रं हवीत. वरचा पृष्ठभाग मात्र इतका बारीक विणीचा, की आवरणाच्या पेशी खाली न घसरता तिथेच थरावर थर रचतील. हे दोन्ही एकाच पातळ चकतीत! बर्फाच्या साच्यातून सच्छिद्र पॉलिमर घडवण्याचं काम पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही झालं आहे.

उरतो रक्ताचा प्रश्न. बसवलेलं अस्तर सुरुवातीला खालून पाझरणाऱ्या द्रवावरच जगतं. रक्तवाहिनीपासून शे-दोनशे मायक्रॉनपलीकडे पेशी फारशा तगत नाहीत, त्यामुळे जाडी वाढवता येत नाही. म्हणूनच आता रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही आधीपासूनच सांगाड्यात पेरून पाहिल्या जात आहेत.