कात्रीत सापडलेली व्यसनमुक्ती

सुरुवात एका उलट्या शॉटनं करतो. १९९४ सालच्या ‘पल्प फिक्शन’मध्ये हेरॉइनचा ओव्हरडोस झालेल्या बाईच्या छातीत अ‍ॅड्रेनलिनची सुई खुपसतात आणि ती ताडकन उठून बसते. चित्रीकरणात ती सुई कुणी खुपसलेलीच नाही. छातीला टेकवलेली सुई नटानं झटक्यात वर ओढली आणि तो शॉट उलटा चालवला. आम्हा संकलकांच्या गप्पांत हा किस्सा हमखास निघतो. त्या प्रसंगातली दुसरी उलटी गोष्ट मला फार उशिरा कळली, तीही एका डॉक्टरांकडून. हेरॉइननं श्वास बंद पडत आला की त्यावर अ‍ॅड्रेनलिन हा उतारा नाही. उतारा आहे नालोक्झोन. अमेरिकेत त्याला १९७१ साली मंजुरी मिळाली. ते दंडात किंवा मांडीत टोचतात, नाहीतर नाकात फवारतात. श्वास नीट चालू होईपर्यंत कृत्रिम श्वास द्यावा लागतो. शिवाय या औषधाचा असर हेरॉइनच्या आधी ओसरू शकतो, म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी त्याच्याजवळ कुणीतरी बसून राहावं लागतं.

बसून राहावं लागतं. हे शब्द लक्षात ठेवा, कारण माझं सगळं बोलणं त्यांच्याभोवतीच फिरणार आहे. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. गेली पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापत आलोय. आमच्या धंद्यात बसून राहणाऱ्या माणसाला ‘मेलेलं फुटेज’ म्हणतात. व्यसन लागताना, चढताना, माणूस रसातळाला जाताना फुटेज कसं जिवंत असतं! बाटल्या फुटतात, दागिने गहाण पडतात, बायको उंबऱ्यात उभी असते. व्यसन सुटतं ते मात्र नेमकं त्या मेलेल्या फुटेजमध्ये, आणि ते आम्ही कापून टाकतो.

‘द लॉस्ट वीकेंड’ हा १९४५ चा बिली वाइल्डरचा चित्रपट घ्या. त्याला चार ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच होतं. पहिल्याच शॉटमध्ये कॅमेरा इमारतींवरून फिरत येतो आणि एका खिडकीबाहेर दोरीला टांगलेल्या बाटलीवर थांबतो. लपवाछपवीचं शास्त्र एका दोरीत सांगितलंय! जिनं दारुड्याचं घर आतून पाहिलंय तिला पुढचं काही सांगावं लागत नाही. बाटली कुठे असू शकते याचा नकाशाच तिच्या डोक्यात असतो. आणि मग शेवट. नायक आपल्या पेल्यात सिगारेट टाकतो आणि कादंबरी लिहायचं ठरवतो. झालं, सुटली! इतक्या बारकाईनं पडझड दाखवणाऱ्या दिग्दर्शकाला उभं राहणं दाखवायला एक सिगारेट पुरली.

आपल्याकडे गडकऱ्यांनी हा सोपा रस्ता घेतला नव्हता. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर मध्येच दारू सोडायचं ठरवतो आणि पुन्हा त्या प्याल्याकडेच वळतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातली माणसं याला ‘स्लिप’ म्हणतात आणि ती आजाराचा भाग म्हणून धरून चालतात. पडद्यावर स्लिप आली की ती एक तर शोकांतिका असते, नाहीतर मध्यंतर. एखाद्यानं स्लिपनंतर दुसऱ्या दिवशी उठून, तोंड धुऊन, मान खाली घालून पुन्हा व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाणं मी तरी फार कमी वेळा पाहिलंय. (गडकऱ्यांनाही सिंधूचे हाल दाखवायचा मोह आवरला नाही, ते वेगळं. बाईनं सोसायचं आणि पुरुषानं बुडायचं ही वाटणी पडद्यानंही इमानेइतबारे पुढे चालवली. बाई स्वतः पिणारी असली तर तिच्या वाट्याला सहानुभूतीही येत नाही, तिचं मूल तेवढं काढून घेतात.)

आता बंद खोलीकडे येऊ. १९५५ मध्ये ऑटो प्रेमिंजरनं ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ केला. अमली पदार्थांचं व्यसन हा विषयच तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेत वर्ज्य होता, त्यामुळे चित्रपट मंजुरीच्या शिक्क्याशिवाय लागला आणि पुढच्याच वर्षी तो नियम सैल करावा लागला. त्यात फ्रँक सिनात्रा खोलीत कोंडून घेतो, तडफडतो, लोळतो आणि बाहेर येतो तेव्हा सुटलेला असतो. हा साचा बसला तो बसलाच. चाळीस वर्षांनी ‘ट्रेनस्पॉटिंग’मध्ये आईवडील पोराला खोलीत कोंडतात आणि त्याला छतावर रांगणारं बाळ दिसू लागतं. संकलकासाठी असा प्रसंग म्हणजे पर्वणी. भिंती सरकवा, आवाज फाडा, काळ हवा तसा वाकवा.

पण या कुलपानं लोकांच्या डोक्यात एक घातक कल्पना घातली आहे. हेरॉइनचा विड्रॉवल, म्हणजे ते एकाएकी बंद केल्यावर होणारा त्रास, भयानक असतो, तरी एरवी धडधाकट माणसाच्या जिवावर तो सहसा बेतत नाही. दारूचं उलट आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डिलिरियम ट्रेमेन्स होऊ शकतो. त्यात भ्रम होतात, थरथर सुटते, ताप येतो, नाडी धावू लागते, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. म्हणजे ज्याला ‘घरीच कोंडा, चार दिवसांत ताळ्यावर येईल’ असं म्हटलं जातं, त्यालाच कोंडणं सर्वांत धोक्याचं.

आणि हेरॉइनच्या बाबतीत? तिथे धोका वाढतो दार उघडल्यानंतर. शरीराची सवय मोडलेली असते, आणि आधी पचत असलेला डोस आता जीव घेऊ शकतो. पडद्यावर दार उघडताना आम्ही काय करतो? खिडकीतून ऊन सोडतो, बासरी लावतो आणि ‘सहा महिन्यांनंतर’ अशी पाटी टाकतो. गोळ्या आणि औषधं तर कथेत येतच नाहीत. हेरॉइनच्या व्यसनावरचं मेथाडोन १९६० च्या दशकापासून वापरात आहे, नंतर ब्युप्रेनॉर्फिन आलं, आणि ही औषधं कित्येकांना जिवंत ठेवतात. पण पडद्यावर ती दिसलीच तर ‘एक सुटलं आणि दुसरं लागलं’ अशाच सुरात. रोज ठरल्या वेळी औषध घेऊन कामावर जाणारा माणूस नायक कसा करायचा, ते आम्हाला सुचलेलं नाही.

माझ्या स्वतःच्या हातून होणारं पाप वेगळं आहे. क्लोजअप. चमचा, ज्योत, बुडबुडे, सिगारेटचं लाल होणारं टोक. २००० सालच्या ‘रिक्विएम फॉर अ ड्रीम’मध्ये असे तुकडे बंदुकीच्या फैरीसारखे येतात आणि डोळ्याची बाहुली विस्फारते. मी तरुणपणी ते फ्रेम मोजत पाहिले आणि पुढे बेधडक वापरले. हेतू अर्थातच भीती घालण्याचा. मग २०११ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांचा एक प्रयोग वाचनात आला. धूम्रपान करणाऱ्यांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांनी ‘मॅचस्टिक मेन’ दाखवला. पडद्यावरच्या पात्रानं सिगारेट ओढली की बघणाऱ्याच्या मेंदूतले हाताच्या हालचाली आखणारे भाग जागे होत. म्हणजे हा इथे नुसता आडवा पडलाय आणि आत सिगारेट पेटवायची तयारी चाललीय! तलफ ती हीच. आमचा इशारा धडधाकट प्रेक्षकाला घाबरवतो आणि ज्याच्यासाठी म्हणून तो केला त्याला बाहेर जाऊन काडी पेटवायला लावतो.

तर मग बसून राहणं दाखवताच येत नाही का? येतं. १९६२ चा ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ पाहा. नवरा-बायको दोघंही पिणारे. तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये जाऊन थांबतो, तिला थांबता येत नाही. १९३५ मध्ये दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेल्या या संघटनेतली माणसं कायमची सोडल्याचं बोलत नाहीत, ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात. चित्रपटाचा शेवटही तेवढाच आहे. बायको निघून जाते, तो खिडकीशी उभा राहतो आणि बारची पाटी काचेवर उघडमीट करत राहते. तो प्यायलेला नाही. यापलीकडे काहीही सुटलेलं नाही.

दुसरा ‘साउंड ऑफ मेटल’. त्याला संकलनाचं ऑस्कर मिळालं तेव्हा मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या. चार वर्षं व्यसनापासून दूर असलेला ड्रमवादक अचानक बहिरा होतो. जो नावाचा आश्रमचालक त्याला एकच काम देतो. पहाटे उठायचं, एका खोलीत बसायचं, आणि बसवेना झालं तर लिहायचं. बस्स. नायक तिथे समोरच्या डोनटवर मुठी आपटतो. तो शॉट तेवढा वेळ ठेवायला धाडस लागतं, कारण निर्माता शेजारी बसून घड्याळ बघत असतो. पुढे हा माणूस कशालाच हात लावत नाही, तरी शस्त्रक्रियेनं एका झटक्यात सगळं पूर्ववत व्हावं म्हणून असा काही धावतो की आश्रमचालक जो त्याला सांगतो, तू व्यसनी माणसासारखा दिसतोयस. बाटली नाही, सुई नाही, आणि व्यसन मात्र लख्ख दिसतं.

माझ्याकडेही एकदा असा प्रसंग आला होता. चित्रपटाचं नाव सांगत नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून नवरा घरी येतो. चपला काढतो, काय बोलावं कुणालाच सुचत नाही. तेवढ्यात बायको टेबलावरची तिची पर्स उचलून कपाटात ठेवते आणि पाण्याचा ग्लास आणायला जाते. नटीनं ते आपण होऊन केलं होतं, पटकथेत नव्हतं. मला लय तुटल्यासारखी वाटली, म्हणून मी तेवढं काढलं आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरून थेट मुलाच्या मिठीवर गेलो. बघणारे सगळे हेलावले.

आमचा ध्वनिमुद्रक मागे बसला होता. नऊ वर्षं झाली होती त्याला व्यसन सोडून. त्यानं मूळ टेक ऐकला होता, कपाटाच्या दाराचा आवाज त्यानंच टिपला होता. त्यानं विचारलं, “पर्स का काढलीस रे?”

मी म्हटलं, “लांबत होतं.”

“किती?”

“चार सेकंद.”

तो हसला. हेडफोनची वायर गुंडाळत म्हणाला, “आमची ही अजून उशाखाली घेऊन झोपते.”